खंडेनवमी आणि चार नंबरचा सेन्सर

वाऱ्याची वाट बघणं मी तीर्थपुरीच्या खळ्यावर शिकले. ज्वारीची मळणी झालेली असायची, वडील तिवईवर उभे राहायचे, आई खालून भरलेली पाटी वर द्यायची, आणि वारा काही सुटायचा नाही. मी सहा-सात वर्षांची असेन. वडील ओठांनी बारीक शीळ घालत राहायचे आणि मला वाटायचं, ते वाऱ्याला बोलावताहेत. एकदा तर सकाळपासून ते तिवईवरच होते, भाकरीसुद्धा त्यांनी वरच खाल्ली. मग एकदम लिंबाची पानं हलली आणि आई ओरडली, "आला, आला!" दाणे पायाशी, भूस पलीकडे, आणि आम्हा पोरांच्या केसांत, कानांत, डोळ्यांत तो सगळा चुरा.

त्यामुळे माझी नात भार्गवी जेव्हा म्हणाली, "आजी, आमच्याकडे वारा आम्हीच तयार करतो, आणि तोही आवाजाच्या सहापट वेगाचा," तेव्हा मी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं.

"किती वेळ वाहतो?"

"एका सेकंदाचे हजार भाग कर. त्यातले दोन-तीन."

"आणि तयारीला?"

"तीन-चार तास तर नुसता पंप चालतो."

"मग आमच्या वडिलांचं बरं होतं," मी म्हणाले. "त्यांचा वारा आला की तासभर तरी थांबायचा."

भार्गवी पीएचडी करते. तिचे आईवडील पुण्याला असतात. ती मात्र दोन वर्षांपासून जालन्यात माझ्याकडे राहते, कारण तिचं यंत्र इथे आहे. मंठा चौफुलीच्या पुढे एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्याच्या मागे पत्र्याची लांबलचक शेड आहे आणि त्या शेडमध्ये एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाणारी पोलादी नळी. तिला ही मंडळी शॉक टनेल म्हणतात. एका टोकाला हेलियम वायू दाबून भरायचा. मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पडदा. दुसऱ्या टोकाला काचेची खिडकी असलेली एक पेटी, तिच्यातली हवा पंपाने आधीच काढून टाकलेली. दाब वाढत गेला की पडदा फाटतो, वायू धावत सुटतो आणि पेटीत बसवलेल्या मॉडेलवरून निघून जातो. बाहेर आपल्याला फक्त एक 'धप्प' ऐकू येतं, गोणी जमिनीवर टाकल्यासारखं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, "सुरू कधी होणार?" तेव्हा ते होऊन गेलं होतं.

मॉडेल वीतभर लांबीचं, गाजरासारखं निमुळतं, नाकाशी गोल. अवकाशातून परत पृथ्वीवर येणारी एक छोटी कुपी भार्गवीने कागदावर रेखली होती, तिची ही प्रतिकृती. अशी कुपी खाली येताना वाऱ्याने तापते. कुठे किती तापेल हे आधी कळलं, तरच कुठे किती जाड कवच लावायचं ते ठरतं. म्हणून मॉडेलच्या पोटाकडून एका रांगेत सात सेन्सर बसवलेले होते, तांदळाच्या कणीएवढे करडे ठिपके. प्रत्येकाने आपल्या जागेवरची उष्णता सांगायची.

सहा शहाणे होते. चार नंबरचा मात्र शेजाऱ्यांच्या दुप्पट आकडा सांगायचा.

सप्टेंबरात दोन शॉट घेतले, म्हणजे दोनदा तो वारा सोडला, दोन्ही वेळा तेच. भार्गवीचे मार्गदर्शक देवानंद सर शांत माणूस, पण तेही वैतागले. बंगळूरला एक मोठी प्रयोगशाळा आहे, तिथल्या मोठ्या टनेलमध्ये बाहेरच्या विद्यार्थ्यांना वर्षातून एकदाच वेळ मिळतो. त्यासाठी अहवाल पाठवायचा होता. मुदत दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी पाचची. ती वेळ मिळाली नाही तर भार्गवीचं काम एक वर्ष मागे पडणार होतं, आणि तिची शिष्यवृत्ती तर मार्चमध्ये संपत होती. पोरगी पुण्याला जाऊन कुठल्या तरी कंपनीत चिकटेल, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं, म्हणून आठवडाभर ती वरणभातसुद्धा आकडे बघत खायची.

"चार नंबरचं कारण दिल्याशिवाय ते लोक दारात उभं करणार नाहीत," ती म्हणायची. "आणि हेलियम एकाच शॉटपुरता उरलाय. पुढचं सिलिंडर दिवाळीनंतर."

आता कचरूबद्दल सांगते. टनेल चालवायचं आणि मॉडेल घडवायचं काम कचरूचं. लेथवर त्याचा हात असा, की मोठमोठ्या कारखान्यांनी त्याला बोलावून पाहिलं, हा गेला नाही. तो माझा विद्यार्थी. चौऱ्याऐंशी साली मी धावड्याच्या शाळेत गणित शिकवत होते, तेव्हा तो पाचवीत होता. हुशार, पण एक खोड. गणित चुकलं की थुंकी लावून बोटाने आकडा घासायचा आणि त्यावर दुसरा लिहायचा. वहीला भोकं पडायची. मी म्हणायची, "कचरू, चुकलं तर एक आडवी रेघ मार आणि खाली नव्याने कर. चूक दिसली तर काही आभाळ कोसळत नाही." तो मान डोलवायचा आणि पुढच्या पानाला भोक पाडायचा. आता त्याचे केस पांढरे झालेत, नातू आहे, तरी मला बघितलं की हातातला पाना खाली ठेवून उभा राहतो.

भार्गवीचा विचार होता खंडेनवमीलाच शॉट घ्यायचा, म्हणजे अहवालाला दीड दिवस मिळेल. कचरूने साफ नाही म्हटलं.

"ताई, आज हत्याराला हात लावायचा न्हाई. आज त्याहीची पूजा."

"कचरूकाका, टनेल हत्यार नाही."

"पाना लागतो का न्हाई? मंग?"

"अहो पण मुदत उद्याची आहे!"

"उद्या सकाळी सातला येऊन सगळं बसवून ठेवतो. दहा वाजता तुमचा शॉट. बिलकुल टेन्शन घेऊ नका."

देवानंद सरांनी दोघांकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्या दहाला." सरांचं गाव मंठ्याजवळ. त्यांच्या घरीही त्या दिवशी नांगर-कुळव धुऊन ओळीने मांडलेले असणार.

मग पूजा ठरली आणि मला बोलावणं आलं. शेड झाडून, पाणी शिंपडून लख्ख केली होती. लांब टेबलावर पांढरं कापड, त्यावर पाने, ड्रिल, कानस, कॅलिपर सगळं ओळीने मांडलेलं. लेथच्या गळ्यात झेंडूची माळ. टनेलच्या नळीलाही एक माळ, पण नळी इतकी लांब, की माळ तिच्यावर लहान बाळाच्या हातातल्या मनगटीसारखी दिसत होती. टेबलाच्या टोकाला, वेगळ्या मऊ फडक्यावर, मॉडेल.

"आजी, काका, सगळ्यांनी ऐका," भार्गवी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मॉडेलला कुंकू नाही, हळद नाही, फूल नाही, पाणी नाही."

"नमस्कार चालंल का?" कचरूने विचारलं.

"लांबून."

कचरूने लांबून नमस्कार केला आणि ताट माझ्यापुढे धरलं. "बाई, तुम्हीच लावा."

मी मागे सरकले. हे जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून असल्या ताटाला मी हात लावला नव्हता. कुणी नको म्हटलं नव्हतं, कुणी पुढेही केलं नव्हतं. चैत्रगौरीला, संक्रांतीला मी आपली स्वयंपाकघरात काहीतरी काम काढून बसायची.

"अरे, मी कशी लावू?"

"का बरं?"

"तुला माहीत आहे का ते."

कचरूने टेबलावरच्या पान्याकडे बोट केलं. "बाई, ह्या पान्याला काय ठावं कोण लावून राह्यलं? हात सवच्छ पायजे, बास." आणि ताट माझ्या हातात देऊन तो नारळ शोधायला गेला.

कुंकू तेलात कालवलेलं होतं. लोखंडाला कोरडं धरत नाही, म्हणून कचरू दरवर्षी करडईच्या तेलात कालवतो. मी पान्याला लावलं. कानशीला लावलं. ड्रिलला, लेथला, पंपाला, सिलिंडरला, दाराच्या कडीला. खरं सांगते, हात थांबेना. बोटाच्या टोकाला तो गार, दाट स्पर्श अकरा वर्षांनी होत होता. टेबलाच्या शेवटी आले तर तिथे ते मॉडेल, एकटंच कोरडं. वर्गात सगळ्यांना खाऊ वाटावा आणि शेवटच्या बाकावरच्या एकाला पुरू नये, तसं.

भार्गवी आणि सर दारात उभे राहून फोनवर कुणाशी तरी बोलत होते. कचरू नारळ फोडत होता. मी मॉडेल अलगद उलटं केलं आणि पोटाच्या बाजूला, नाकापासून जरा मागे, काडीच्या टोकाने मोहरीएवढे पाच ठिपके दिले, एका आडव्या ओळीत. मग होतं तसं सरळ ठेवलं. उद्या शॉटच्या आधी आपणच येऊन पुसायचे, असं ठरवलं. छत्तीस वर्षं पोरांना सांगत आले, की नियम म्हणजे नियम, आणि शहात्तराव्या वर्षी हे केलं.

दसऱ्याला सकाळी मी साडेआठलाच पोचले, पिशवीत जुन्या साडीचा मऊ तुकडा घेऊन. टेबलावर मॉडेल नव्हतं. पंपाची घरघर चालू होती.

"बाई, आज लवकर?" कचरू म्हणाला. "मी तर सातलाच बसवलं. हवा निम्मी निघाली बी."

मी खिडकीतून आत बघितलं. मॉडेल मागच्या दांड्यावर ऐटीत आडवं बसलेलं, पोट खाली. वरून सगळं चकचकीत. कचरूने माझ्याकडे बघितलं, मग पंपाकडे बघितलं आणि कापसाने हात पुसायला लागला. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. पण पेटी उघडली असती तर हवा आत शिरली असती, पंप पुन्हा पहिल्यापासून, आणि मुदत पाचची. भार्गवी आली तीच धावत, केस नीट विंचरलेले नाहीत. तिने सगळ्यांना मागच्या खोलीत पिटाळलं. मी साडीचा तुकडा पिशवीत खोल कोंबला आणि देवाचं नाव घेत बसले.

धप्प.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर सात रेघा उमटल्या. सहा एकमेकींच्या जवळ. एक उंच, ताठ, वेगळी. चार नंबर.

मग देवानंद सर म्हणाले, "भार्गवी, काढून टाक तो. सेन्सर खराब आहे."

"तीन वेळा सारखाच खराब असतो का सर? खराब सेन्सर कधी जास्त दाखवेल, कधी कमी, कधी काहीच नाही. हा दर वेळी तेच सांगतोय."

"मग कारण दे."

"कारण नाही माझ्याकडे."

"कारण नाही, हेलियम नाही, आणि साडेदहा वाजलेत. सहा सेन्सरवर अहवाल पाठव. अगदीच काही न पाठवण्यापेक्षा बरं."

भार्गवी खुर्चीत बसली. तिने लॅपटॉप ओढला आणि टाइप करायला लागली. मी तिच्या मागे उभी होते. वाक्य वाचलं. चौथा सेन्सर सदोष आढळल्याने वगळला आहे, अशा अर्थाचं. खाली तिचं नाव. या वाक्यावर तिचा स्वतःचा विश्वास नव्हता, ते तिच्या खांद्यांवरून कळत होतं. आणि ज्या मॉडेलवरून हे आकडे आले त्याच्या पोटाला कुंकू आहे, हे तिला माहीतच नव्हतं. सहा आकडे तरी खरे होते का? माझ्यामुळे तेही बिघडले असतील, तर बंगळूरच्या लोकांपुढे ती खोटी पडणार होती, तीही स्वतःची काही चूक नसताना.

"भार्गवी, थांब," मी म्हणाले. "काल मी मॉडेलला कुंकू लावलं."

तिची बोटं तशीच हवेत राहिली. "काय?"

"पोटाकडून. पाच ठिपके. सकाळी पुसणार होते, पण कचरूने आधीच बसवलं."

"आजी!" ती उभी राहिली, खुर्ची मागे सरकून भिंतीवर आपटली. "मी सांगितलं होतं ना? एकच गोष्ट सांगितली होती! शेवटचा शॉट होता गं तो!"

"हो."

"सांगितलं का नाहीस? दहा वाजेपर्यंत होतीस ना इथे?"

"घाबरले." दुसरं काय सांगणार? 

तेवढ्यात कचरू दारातून म्हणाला, "ताई, बाईंवर एवढं चिडू नका. मला बी ठावं व्हतं. बसवताना दिसलं व्हतं."

भार्गवी त्याच्याकडे वळली. "तुम्ही बघितलंत? मग पुसलं का नाही?"

कचरूला तो प्रश्नच कळला नसावा, असा त्याचा चेहरा झाला. "ताई, कुंकू पुसतेत का? अन् ते बी दसऱ्याच्या दिवशी? म्या न्हाई पुसणार बा."

देवानंद सरांनी तोंडावर हात ठेवला. हसू आवरत होते की डोकं धरत होते, मला कळलं नाही. मग ते म्हणाले, "पेटी उघडा. निदान किती लडबडलंय ते तरी बघू."

कचरूने हवा आत सोडली, झाकण काढलं आणि मॉडेल बाहेर काढून फडक्यावर पालथं ठेवलं. भार्गवी रागाने वाकली आणि वाकलेलीच राहिली.

माझे ठिपके राहिले नव्हते. प्रत्येकातून एक बारीक लाल रेघ निघून मागे गेली होती. चार रेघा सरळ, पट्टीने ओढाव्यात तशा. मधली मात्र थोडी पुढे जाऊन दुभंगली होती. ओढ्यात दगड असला की पाणी दोन्ही बाजूंनी वळसा घालून जातं, तशी. पण तिथे दगड नव्हता. नुसतं चकचकीत पोलाद. आणि त्या दुभंगलेल्या रेघेचा डावा पाय थेट एका करड्या ठिपक्यावरून गेला होता.

भार्गवीने नाकाकडून बोटाने मोजलं. "एक, दोन, तीन... चार."

तिने बोट तिथेच ठेवून मान वर केली.

"सर," ती हळूच म्हणाली, "वारा इथे कशाला तरी अडतोय. वळतोय, आणि वळताना त्या जागेला जास्त तापवतोय. सेन्सर बरोबर आहे. पहिल्यापासून बरोबर होता."

"मोठ्या प्रयोगशाळांत तेलात काजळी मिसळून हेच करतात," सर म्हणाले. "आपण पुढच्या वर्षी करणार होतो, जादा शॉट मिळाले असते तर." ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही यंदाच उरकलंत."

भार्गवी हसली नाही. ती रेघ जिथे फाटत होती तिथे भिंग धरून बघत होती. "पण अडतोय कशाला? काहीच नाहीये इथे."

सरांनी नख फिरवलं. पुढून मागे, मागून पुढे. "आहे. नखाला लागतंय. किंचित."

मी कचरूकडे बघितलं. तो पुढे आला नव्हता. दाराशीच उभा होता, आणि पाचवीतला कचरू जसा वहीवर हात ठेवून बसायचा तसाच त्याचा हात छातीवर होता.

"कचरू," मी म्हणाले, "काय आहे तिथं?"

"पिन हाय, बाई."

"कसली पिन?"

"मॉडेल बनवताना सेन्सरचं एक भोक जरा पुढं, बाजूला पडलं. ड्रिल सरकलं. मंग त्याच्यात पोलादाचीच पिन ठोकली, घासून बराबर सपाट केली, पॉलिश मारलं. ताईला बी दिसली न्हाई. नखाला लागत नव्हती, बाई, शपथ. आता कशी काय वर आली, म्या काय सांगू?"

सरांनी मॉडेल उचलून पुन्हा नख फिरवलं. "भोक आरपार होतं?"

"न्हाई. अर्धंच गेल्तं."

"मग पिनेच्या खाली हवा अडकून राहिली. आपण पेटीतली हवा काढतो तेव्हा बाहेरून दाब राहत नाही, आणि खालची हवा पिनेला वर ढकलते. पहिल्याच वेळी सरकली असेल, आणि तिथेच अडकून बसली." सरांनी मॉडेल खाली ठेवलं. "तुमचं काम चांगलंच होतं, कचरू. पण सांगायला हवं होतं."

कचरू मान खाली घालून म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणायच्या ना, रेघ मारून खाली लिही म्हणून. मला ते जमलंच न्हाई कधी."

"मला तरी कुठं जमलं," मी म्हणाले. "आत्ताच बघितलंस की."

आता भार्गवी हसली. आधी नुसती नाकातून, मग मोठ्याने, मग डोळे पुसत. आठवडाभरात पहिल्यांदा. "दोघं मिळून मला वेडं करणार होतात," ती म्हणाली आणि तसंच हसत लॅपटॉपपुढे बसली. तिने ते वाक्य खोडलं. "आता सांगा. आजी, आधी तू. तेल कुठलं? किती? ठिपके किती वाजता लावले? काडी कसली होती?"

"उदबत्तीची."

"जाडी?"

"उदबत्तीच्या काडीएवढी!"

ती सगळं लिहीत होती. देवानंद सरांना जरा संकोच वाटत होता. "खंडेनवमी वगैरे लिहायलाच हवं का? रंगद्रव्य आणि तेल म्हण."

"सर, ठरवून केलं असं लिहिलं तर तेही खोटंच. जे झालं ते लिहिते. ठिपके परवानगीशिवाय लागले, पिनेची नोंद नव्हती, दोन्ही लिहिते. मग त्यांना काय वाटायचं ते वाटो."

फोटो काढले, रेघा मोजल्या, आकडे पुन्हा तपासले. पाचला चार मिनिटं कमी असताना अहवाल गेला. त्या दिवशी आमच्याकडे श्रीखंड होतं ते रात्रीपर्यंत कुणाला आठवलंच नाही.

दिवाळीच्या आधी बंगळूरहून मुलाखत झाली, लॅपटॉपच्या पडद्यावरून. शेडमध्येच बसलो. भार्गवीने मला बजावलं होतं, की तू दिसायचं नाहीस. मी सिलिंडरच्या आडोशाला स्टुलावर बसले. कचरू कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. समोर तीन शास्त्रज्ञ, मध्ये एक पन्नाशीच्या बाई, चष्मा साखळीला लावलेला. सगळं इंग्रजीत चाललं होतं. मला समजत होतं, कचरूला मी खुणेने सांगत होते.

त्या बाईंनी अहवाल चाळला आणि विचारलं, "ठिपके लावणाऱ्या व्यक्तीचा अनुभव काय?"

भार्गवीचा चेहरा लाल झाला. "छत्तीस वर्षं गणित शिकवलंय. माझी आजी आहे."

पडद्यावर तिघंही हसले. पण त्या बाई लगेच गंभीर झाल्या. "एका फोटोने सिद्ध काय होतं? त्याच जागी दुसरं काही असू शकतं. सेन्सरही खराब असू शकतो. तुम्ही मला कशी खात्री द्याल?"

मी स्टुलावरून अर्धी उठले. मोठ्या माणसांच्या प्रश्नांना पोरांनी उत्तरं द्यायची असतात तेव्हा शिक्षकाचं असंच होतं.

भार्गवी शांतपणे म्हणाली, "खात्री आज देऊ शकत नाही. दोन मॉडेल आणेन. एक बिनापिनेचं. दुसऱ्यात त्याच जागी मुद्दाम पिन बसवू, ठरवलेल्या उंचीची. पहिल्यात चार नंबर शेजाऱ्यांसारखा वागला आणि दुसऱ्यात पुन्हा वर गेला, तर माझं म्हणणं खरं. नाही गेला तर मी चुकले, आणि तसंच लिहीन."

"ती उंची इतकी अचूक कोण करून देणार?"

भार्गवीने लॅपटॉप फिरवला. कचरू उभाच राहिला, कॅमेऱ्यापुढे, हात बांधून. काय विचारलं ते मी हळूच सांगितलं. तो पडद्याकडे बघून मराठीतच म्हणाला, "म्याडम, सपाट पिन म्या करून दावली, ती वर आली. आता वर आलेली करून दावतो, ती जागची हलणार न्हाई. खालून हवेला वाट ठेवतो."

देवानंद सरांनी भाषांतर केलं. खालून हवेला वाट ठेवतो, या वाक्याला त्या बाईंनी मान वर केली आणि काहीतरी लिहून घेतलं.

चार दिवसांनी मेल आली. सरांनी ती शेडमध्ये उभ्या उभ्या वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. फेब्रुवारीत आठ शॉट. प्रवासाला तिघं. विद्यार्थिनी, मार्गदर्शक आणि मॉडेल घडवणारा कारागीर.

"आठ!" भार्गवीने मला धरून गरकन फिरवलं, आणि माझा चष्मा पडता पडता वाचला.

"मला कशापायी?" कचरू म्हणाला. "मी कधी परभणीच्या पुढं गेल्तो का? तिथं भाकर मिळती का?"

"बांधून देते," मी म्हणाले. "दोन दिवस टिकतील अशा."

"मंग तुम्ही बी चला की बाई."

"तिघांनाच परवानगी आहे. आणि मला घेऊन जायला ही घाबरेल."

"हो, घाबरेनच," भार्गवी म्हणाली, पण माझा हात तिने सोडला नव्हता.

कचरूने शर्टाच्या बाह्या दुमडल्या. आजही इस्त्रीचाच शर्ट होता, तरी. पोलादाचा दांडा लेथला लावला, कॅलिपर उचललं आणि भार्गवीला विचारलं, "किती वर ठेवायची पिन?" तिने आकडा सांगितला. त्याने कानावरची पेन्सिल काढली. "असं तोंडी नको, ताई. कागदावर लिवून द्या, खाली सही करा. चुकलं तर कुठं चुकलं ते दिसलं पायजे." तिने लिहून दिलं. त्याने कागद लेथच्या वर खिळ्याला अडकवला, दोनदा वाचला, आणि मला म्हणाला, "बाई, जरा बाजूला व्हा, उजेड अडून राह्यला."

मी सरकले आणि लेथ सुरू झालं.